पंचवीस अंश

“मग काय, यंत्र खोटं बोलतंय काय, आप्पा?”

सुयोगनं हे तिसऱ्यांदा विचारलं. आप्पांनी तिसऱ्यांदा ऐकलं नाही. ते पाणी गाळत होते.

माठाच्या तोंडावर दुहेरी कापड, वरून तांब्याची बारीक धार. हे काम चालू असताना आप्पा कुणाशीही बोलत नाहीत. धार संपली. कापड उलटं करून त्यात अडकलेले बारीक जीव त्यांनी अलगद बादलीत सोडले, कापड झटकलं नाही, पिळलंही नाही. मग वळले.

“कोण म्हणालं, खोटं बोलतंय?”

“तुम्ही बॅटरीकडं बघतच न्हाईसा!”

“बघतोय की. तुझ्याकडं बघतोय.”

सुयोगनं माझ्याकडे पाहिलं. मी वर्तमानपत्रानं वारा घेत राहिलो. एप्रिलची दुपार होती आणि गुरुशिष्यांच्या मधे पडायचं नाही, हा माझा जुना नेम आहे.

आप्पा म्हणजे बाळगोंडा मगदूम, वय एकाहत्तर. जयसिंगपुरात एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत त्यांचं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. आधी रेडिओ दुरुस्त करायचे, मग टीव्ही, मग हे. सुयोग चौगुले त्यांचा शिष्य. इंजिनिअर आहे, सत्तावीस वर्षांचा, हात सोन्याचा आणि तोंडात कायम एकच वाक्य, ‘काळजी करू नका, एकदम ओके हाय.’ तीन वर्षं झाली त्याला इथं येऊन.

आणि मी एसटीतला निवृत्त कंट्रोलर. तेरा वर्षांपूर्वी या दुकानात भांडायला म्हणून आलो होतो, अजून उठलेलो नाही. कशावरून भांडायला आलो होतो ते पुढं येईलच.

टेबलावर खोकं उघडं पडलं होतं. नऊ बॅटऱ्या, काळ्या, नव्याकोऱ्या, प्रत्येकीवर चांदीसारखा शिक्का. सुयोगनं त्या स्वतः शोधून बाहेरगावाहून मागवल्या होत्या. दहा मागवल्या होत्या, पण दहावी कुठं गेली ते तोवर कुणी विचारलं नव्हतं.

“कंपनीचा ओरिजिनल माल हाय, आप्पा. शिक्का बघा. तिरकं धरलं की रंग बदलतोय.”

“सरडाबी बदलतोय.”

“चेष्टा नका करू...”

“बरं, न्हाई करत. हे मॉडेल कंपनीनं बंद करून किती वर्सं झाली?”

“सात... आठ.”

“मग हे ओरिजिनल आठ वर्सं कुठं झोपलं हुतं?”

“गोदामात असंल.”

“आठ वर्सं गोदामात पडलेला सेल बरा ऱ्हातोय?”

“मग नवीन बनवलं असंल.”

“बंद केलेलं?”

“... आप्पा, ते जाऊ द्या. यंत्र बघा तुम्ही!”

त्याचं ते यंत्र. तळहाताएवढं, वर छोटा पडदा. बॅटरीच्या दातांना तारा लावल्या की आतली चिप सगळं सांगते. व्होल्टेज किती, चार्ज किती धरते, आजवर किती वेळा चार्ज झाली, आत तापमान किती. सुयोगनं एकेक बॅटरी लावून दाखवली. व्होल्टेज बरोबर. चार्ज झाल्याची संख्या शून्य. तापमान पंचवीस अंश.

दुसरी बॅटरी, पंचवीस. तिसरी, पंचवीस.

“बघा! एका साच्यातनं काढल्यागत. ह्याला म्हणत्यात क्वालिटी.”

मी घाम पुसला.

मग सुयोग मूळ मुद्द्यावर आला. खरं तर सकाळपासून त्याच मुद्द्यावर यायला तो वाट शोधत होता.

“आप्पा, ह्या बॅटऱ्यांवर... माझं नाव लिवू?”

हे नाव लिहिणं म्हणजे काय, ते सांगायला हवं.

या दुकानातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक बॅटरीवर आप्पा औषधाच्या दुकानातली पांढरी कापडी चिकटपट्टी लावतात. त्यावर साध्या पेनानं नाव लिहितात, ‘बा. मगदूम’, खाली तारीख. बस्स. गॅरंटी कार्ड नाही, पावतीवर लाल शिक्का नाही. शिरोळपासून कुरुंदवाडपर्यंत लोक लॅपटॉप उलटा करून आधी ती पट्टी बघतात. ज्या दिवशी आप्पा पेन हातात देतील, त्या दिवशी शिकणं संपलं, अशी दुकानाची रीत. आजवर दोघांना दिलं. एक सांगलीत आहे, एक बेळगावात.

पट्टीवरचं आप्पांचं अक्षर मात्र भयंकर. ‘मगदूम’मधला ‘म’ एकीकडं कललेला, तारीख उतरणीला लागलेली. गंमत अशी की जैन मंदिरातल्या फळ्यावरचा रोजचा सुविचारही आप्पाच लिहितात, आणि तो बघायला लोक थांबतात इतकं ते अक्षर देखणं असतं. याचं कारण मी कधी विचारलं नाही. सुयोगनं मात्र दोनदा सुचवलं होतं की आपण छापील लेबल करू, गिऱ्हाईक हसतंय. आप्पा म्हणाले होते, हसू दे.

“लिवू काय, आप्पा?”

आप्पांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. मग त्यांनी त्यांचा हुकमी प्रश्न विचारला. या प्रश्नावर दोन सप्लायर खोकी उचलून निघून गेलेले मी या डोळ्यांनी पाहिलेत.

“तुझ्या घरात बसवशील?”

“बसवली की!”

आप्पांचा हात थांबला.

“काल सांजच्याला. पद्मजाच्या लॅपटॉपला. परवा तिची तलाठ्याची परीक्षा हाय, रोज चार-चार तास सराव पेपर सोडवतीया. म्हटलं, पयली बॅटरी माझ्या बहिणीला. तिला यंत्राचा आकडाबी दाखवला. पंचवीस! म्हटलं, फ्रीजगत गार ऱ्हाणार, तू बिनघोर लावून ठेव चार्जिंगला.”

सुयोगचा चेहरा उजळलेला होता. लबाडीचा एक कण त्यात नव्हता. सप्लायरला उठवणारा प्रश्न या पोरापुढं साफ पडला, आणि आप्पांना पहिल्यांदाच पुढं काय विचारावं ते सुचेना. मला वाईट वाटलं, कुणासाठी ते नीट सांगता येत नाही.

“व्हय...” आप्पा म्हणाले. “जिवाभावाच्या माणसाला दिलीस.”

“मग? आता लिवू?”

आप्पा उठले. खोक्यातली एक बॅटरी उचलली. मागच्या फळीवरून त्याच मॉडेलची स्वतःकडची एक काढली. ती पिवळट पुठ्ठ्याच्या खोक्यातली, ओबडधोबड. तिच्यावर ओरिजिनल वगैरे काही नव्हतं. बनवणाऱ्याचं नाव, त्याचा पत्ता आणि कुठल्या महिन्यात बनवली तेवढं छापलेलं होतं.

दोन्ही त्यांनी दाराबाहेरच्या शहाबादी फरशीच्या पायरीवर ठेवल्या. उन्हात, शेजारी शेजारी.

“आता जरा बस.”

आम्ही बसलो. सुयोग दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होता. समोरच्या झेरॉक्सवाल्याकडून चहा आला, तो प्यालो. आप्पांनी नेहमीप्रमाणे नुसतं पाणी घेतलं. पंधरा-वीस मिनिटं गेली असतील.

“लाव तुझं यंत्र,” आप्पा म्हणाले. “आधी माझ्या बॅटरीला.”

सुयोगनं तारा लावल्या. “अठ्ठेचाळीस अंश. बघा, तापली.”

“आता तुझ्या.”

तारा काढल्या, लावल्या. सुयोगनं पडद्यावर हाताची सावली धरली. मग उडीच मारली.

“पंचवीस! आप्पा, पंचवीस! ह्या उन्हात! तुमची अठ्ठेचाळीसला गेली आणि माझी जाग्यावरनं हालली न्हाई. आता तरी पटलं? हो कंट्रोलरसाहेब, तुम्हीच सांगा आता!”

मी काय सांगणार? मला तेवढ्यापुरतं त्याचंच खरं वाटलं.

आप्पांनी सुयोगचा उजवा हात मनगटापाशी धरला. अगदी हलकेच, लहान मुलाला रस्ता ओलांडायला धरावं तसा. आणि तो हात त्या चांदीच्या शिक्क्याच्या बॅटरीवर ठेवला.

सुयोगनं हात झटकन मागं घेतला.

“पोळलं?”

सुयोगनं बोटांवर फुंकर मारली.

“दुकानात आत्ता किती असंल रं? साहेब सकाळपासनं पेपरानं वारा घ्यालेत.”

“छत्तीस... सदतीस.”

“आणि ही आत टेबलावर हुती तवा किती म्हणत हुती?”

सुयोगनं बॅटरी उचलली, टाकली, परत उचलली. मग तो टेबलाकडं धावला आणि पातळ पट्टीनं तिचं काळं कवच शिवणीवरून उघडू लागला. हात सोन्याचा, म्हणून दोन मिनिटांत उघडलं. आत सहा सेल होते, वर नवीन निळी वेष्टनं. एका वेष्टनाची कड त्यानं नखानं उचलली, तर खाली दुसरं, जुनं, हिरवं वेष्टन. कुठल्या तरी मेलेल्या बॅटरीतले सेल. आणि बाजूच्या छोट्या सर्किटच्या पाटीवर, जिथं ताप ओळखणारा सेन्सर हवा, तिथं एक साधा रेझिस्टर डागलेला.

“सेन्सरच न्हाई,” सुयोग म्हणाला. “त्याच्या जागी रेझिस्टर बसवलाय. त्यो तापला तरी बदलत न्हाई, म्हंजे कायम पंचवीसच सांगणार. लॅपटॉप विचारील, तापलीस काय? आणि ही म्हणणार...”

“एकदम ओके हाय,” आप्पांनी वाक्य पुरं केलं. आवाजात टोमणा नव्हता.

“पद्मजा!” सुयोग म्हणाला.

त्यानं फोन लावला. पद्मजा उचलेना. पुन्हा लावला. उचलेना. मग आईला लावला आणि फोन कानाला धरायचंही भान न राहून टेबलावर ठेवून मोठ्या आवाजावर टाकला, म्हणून पुढचं सगळं मी ऐकलं.

त्याची आई उदगावला घरी होती. महिन्यापूर्वी जिन्यात पडून तिचा उजवा पाय मोडला होता, मांडीपर्यंत प्लास्टर. उठवल्याशिवाय तिला उठता येत नव्हतं.

“काय रं, सुयोग?”

“आई, पद्मजा कुठाय?”

“हॉलतिकिटाची प्रिंट काढायला गेलीया. फोन हितंच ठेवून गेलीया, तिकडं वरच्या फळीवर वाजालाय बघ.”

“आणि लॅपटॉप?”

“हाय की माझ्या पायाशी, गादीवर. चार्जिंगला लावून गेलीया. हालवू नको म्हणालीया.”

“गरम हाय काय गं?”

“व्हय की! लई ग्वाड वाटालंय. चांगला पाय ठणकालता दोन दिस, त्याला शेक लावून बसलीया बघ. सकाळपरास आता जरा जास्तच ऊब सुटलीया.”

सुयोगनं टेबल घट्ट धरलं होतं.

आप्पांनी फोन उचलला. “ताई, मी बाळगोंडा बोलतोय, दुकानातनं. नमस्कार.”

“नमस्कार, आप्पा! बरं हाय न्हवं समदं?”

“बरं हाय. ताई, पाय बाजूला घ्या बघू आधी. घेतला? काठी हाय काय जवळ?”

“हाय.”

“लॅपटॉपला हात लावू नका. काठीच्या मुठीत चार्जिंगची वायर अडकवा आणि ओढा. जोरात.”

फोनमधून खुडबुड ऐकू आली. काहीतरी पडलं. सुयोग तोवर पायऱ्या उतरला होता. गाडीची किक, दुसरी किक... आणि गेला. फोन आप्पांच्या हातातच राहिला.

“निघाली बघा वायर. काय झालंय, आप्पा?”

“काय न्हाई. बॅटरी जरा जास्त तापलीया. शेजारी कोण हाय?”

“रत्नाक्का हाय की.”

“हाक मारा. मोठ्यांदा. लॅपटॉप जाड टॉवेलात धरून अंगणात मोकळ्यावर न्हेऊन ठेवा म्हणावं. दाबायचं न्हाई, उघडायचं न्हाई. पोरंबाळं लांब ठेवा. आणि मग रत्नाक्काला तुमच्याजवळच बसवून घ्या. सुयोग यायलाय.”

तिनं हाक मारली. खणखणीत आवाज होता, पाय मोडला तरी. कुणीतरी आलं, ‘आगं आई गं, केवढं तापलंय’ असं म्हणालं, पावलं बाहेर गेली. आप्पा फोन धरून उभे होते. त्यांचे डोळे मिटलेले होते आणि मला नेमकं ठाऊक आहे, त्या वेळी ते काय म्हणत होते, कारण त्यांचे ओठ णमोकार मंत्रावर हलताना मी तेरा वर्षांत पुष्कळदा पाहिलेत.

“ठेवलं बघा अंगणात,” आई म्हणाली. मग आवाज खाली आला. “आप्पा... एक सांगू? त्याला बोलू नका मी सांगितलं म्हणून. काल लई खुशीत हुता पोरगा. आई, म्हणाला, उद्या-परवा आप्पा माझ्या हातात पेन देणार बघ.”

“ठाऊक हाय, ताई,” आप्पा म्हणाले. “ठाऊक हाय मला.”

त्यानंतर आम्ही वाट बघत बसलो.

पाच वाजता आप्पांचा डबा आला. ते सूर्यास्ताच्या आत जेवतात, नंतर पाण्याचा घोटही नाही. सुयोगला असला काही नेम नाही, तरी गेली तीन वर्षं तो त्यांच्याबरोबर पाचलाच जेवायला बसतो. आप्पांच्या पत्नी, अक्का, दोघांच्या भाकरी देतात, आप्पा ताक त्याच्याकडं सरकवतात आणि तो चटणी त्यांच्याकडं. आज डबा टेबलावर तसाच राहिला.

“आप्पा, जेवून घ्या. साडेपाच झाले.”

“येईल त्यो.”

सहा वाजले. साडेसहा झाले. पायरीवरचं ऊन आधी निम्म्यावर आलं, मग समोरच्या भिंतीवर चढलं, मग दिसेनासं झालं. मी डब्याकडं पाहिलं, आप्पांकडं पाहिलं. त्यांनी डबा हळूच बाजूला सरकवला. मला त्यांचा राग आला आणि मी तो बोलूनही दाखवला. ते नुसते हसले.

सातच्या सुमारास गाडी थांबली.

सुयोगच्या हातात पत्र्याचा डबा होता, गळ्यापर्यंत कोरडी वाळू. त्यानं तो बाहेर पायरीच्या खाली ठेवला, आत आणला नाही. हे त्याला आप्पांनीच पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. वाळू बाजूला सारून त्यानं बॅटरीची खालची बाजू दाखवली.

कवच एका कोपऱ्यात मऊ होऊन परत घट्ट झालं होतं आणि त्यावर चादरीची वीण उमटली होती. उभा धागा, आडवा धागा, स्पष्ट मोजता येईल अशी.

“आई?” आप्पांनी विचारलं.

“बरी हाय. हसालीया. म्हणाली, बरा शेक मिळालता, तुझ्या आप्पांनी बंद केला.” सुयोगनं हसायचा प्रयत्न केला, तो जमला नाही. “पद्मजाबी आली. तिला सगळं सांगितलं. तिचा लॅपटॉप शाबूत हाय. फक्त बॅटरी न्हाई.”

मग त्याची नजर टेबलावर गेली.

“आप्पा, डबा? तुम्ही जेवला न्हाईसा?”

“उद्या हाय की.”

सुयोग मटकन स्टुलावर बसला. तीन वर्षांत मी त्याला असा बसलेला पाहिला नव्हता.

“मला भ्या वाटालंय, आप्पा,” तो म्हणाला. “गाडीवर बसलो तवापासनं हात थरथरालेत. थांबंनात. दहा मिनटं उशीर झाला असता तर... मी आईला... मीच दिली हुती आप्पा, माझ्या हातानं...”

आप्पांनी गाळलेल्या पाण्याचा तांब्या त्याच्यापुढं ठेवला. तो प्याला. पाणी सदऱ्यावर सांडलं.

“ह्या आठ परत पाठवतो,” थोड्या वेळानं तो म्हणाला. “चांगलं खडसावून.”

“खडसाव की. पण परत पाठवल्या तर कुणाच्या गादीवर जातील?”

सुयोगनं मान खाली घातली. मग उठला आणि आठही बॅटऱ्यांचे चांदीचे शिक्के खरवडून काढले. प्रत्येकीवर लाल खडूनं ‘वापरू नये’ लिहिलं आणि त्या मागच्या मोकळ्या जागेत वाळूच्या पिंपात पुरल्या, उघडलेलीसुद्धा. टाकाऊ बॅटऱ्या घेऊन जाणारी नगरपालिकेची गाडी महिन्यातून एकदा येते. तिलाच त्या द्यायच्या ठरल्या.

हात धुऊन तो दारात उभा राहिला. आत आला नाही.

“उद्यापासनं येत न्हाई मी, आप्पा.”

“का रं?”

“तुमच्या नावाचं दुकान हाय. मी असलो तर बुडंल.”

आप्पांनी टेबलाचा खालचा खण ओढला. हा खण मी फार थोड्या वेळा उघडलेला पाहिलाय. त्यातून त्यांनी एका रुमालात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि सुयोगच्या हातावर ठेवलं.

जळून वाकडा झालेला काळ्या प्लास्टिकचा तुकडा. त्यावर कापडी चिकटपट्टी, कडा करपलेल्या, पण मधलं वाचता येत होतं.

सुयोगनं तो दिव्याखाली धरला. “बा. मगदूम,” त्यानं वाचलं. मग तारीख वाचली. तेरा वर्षांपूर्वीची. मग तो बराच वेळ त्या पट्टीकडं बघत राहिला.

“आप्पा, हे अक्षर... हे तर फळ्यावरचं अक्षर हाय. मोत्यागत.”

त्यानं तुकडा उलटून पाहिला.

“कुणाच्या लॅपटॉपची ही बॅटरी?”

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मला सांगणं भाग होतं.

“माझ्या,” मी म्हणालो. “गादी गेली, पडदा गेला आणि भिंतीवरचा आमच्या लग्नाचा फोटो गेला. आम्ही दोघं नशिबानं स्वयंपाकघरात होतो. बायको म्हणाली, फोटो गेला ते बरं झालं, मी त्यात फार जाड दिसत होते. पण मी हा तुकडा खिशात घालून इथं भांडायला आलो.”

“मग?”

“मग काय? मी तासभर बोललो. तुझ्या आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. एकदाही म्हणाले नाहीत की वायरिंगचा दोष असेल, तुम्हीच काहीतरी केलं असेल. मला म्हणाले, तुकडा माझ्याजवळ राहू दे. आणि म्हणाले, उद्या पण या. म्हणून आलो. परवाही आलो.”

तेरा वर्षांत मी हे कुणाला सांगितलं नव्हतं.

सुयोगनं तो तुकडा रुमालात परत गुंडाळला. दोन्ही हातांनी आप्पांना दिला. खण बंद झाला.

मग आप्पांनी पिवळट खोक्यातली ती ओबडधोबड बॅटरी टेबलावर ठेवली. दुपारी उन्हात अठ्ठेचाळीस अंश म्हणालेली तीच. शेजारी चिकटपट्टीचं रीळ ठेवलं. वर पेन ठेवलं.

“पद्मजाची परीक्षा परवा हाय न्हवं?”

“व्हय.”

“मग बिनबॅटरीची ठेवणार हायस तिला?”

सुयोग जागचा हलला नाही. “तुम्ही लिवा, आप्पा.”

“बहीण कुणाची हाय?”

तो आत आला. बसला. बॅटरी हातात घेतली आणि चारी बाजूंनी पाहिली. यंत्र लावलं, आकडा वाचला. मग यंत्र बाजूला ठेवून तिच्यावर तळहात टेकवला आणि तसाच ठेवून बसला. बनवणाऱ्याचं नाव वाचलं, पत्ता वाचला, महिना बोटावर मोजला. शिवणीवरून नख फिरवलं. पुन्हा यंत्र लावलं. हे सगळं करताना तो एकदाही ‘ओके हाय’ म्हणाला नाही. मी वाट बघत होतो.

चिकटपट्टी फाडली, लावली, अंगठ्यानं दाबली. पेन घेतलं.

‘सु’ लिहिला. पेन थांबलं. डाव्या हातानं उजवं मनगट धरून त्यानं पुढची अक्षरं काढली. ‘चौगुले’ पट्टीच्या कडेवरून खाली घसरलं, तारीख त्याच्याही खाली गेली.

त्यानं ते पाहिलं आणि लाजला.

“हात अजून थरथरालाय, आप्पा. लई वाकडं आलं. ही पट्टी काढतो, दुसरी लावतो.”

आप्पांनी त्याच्या हातावर हात ठेवला.

“ऱ्हाऊ दे असंच... ज्या दिवशी सरळ यायला लागंल, त्या दिवशी पेन मला परत आणून दे.”